चाचणीत पाच गुण वर आले. आता त्यांचं करायचं काय?

प्रश्न थोडक्यात असा: मुलगी बारावी सायन्सला आहे, नीटची तयारी चालू आहे. क्लासमध्ये स्वभावगुणांची एक ऑनलाइन चाचणी घेतली. तिचे वरचे पाच गुण आले जिज्ञासा, चिकाटी, प्रामाणिकपणा, दयाळूपणा आणि विनोदबुद्धी. आत्मनियमन, म्हणजे स्वतःला आवर घालणं, अगदी शेवटी, चोविसावं. तिचे बाबा म्हणतात, यातले पहिले दोनच कामाचे, बाकीच्यांवर कोण ॲडमिशन देतं? गंमत म्हणून मीही चाचणी केली. माझ्यात न्यायबुद्धी, सावधपणा, कृतज्ञता, शिकण्याची आवड आणि दयाळूपणा वर, नेतृत्व एकविसावं. मी एका पतसंस्थेत अठरा वर्षं काम करते आणि नेमकं आत्ताच शाखाधिकारी होणार का असं विचारलंय. हे गुण अभ्यासात, नोकरीत, घरात एकमेकांबरोबर काम कसे करतात? आणि काही दिवसांनी चाचणी पुन्हा द्यावी का?

उत्तर:

ताई, समुपदेशनात येण्याआधी अकरा वर्षं मी आयटीआयमध्ये टर्नर ट्रेड, म्हणजे लेथ मशीनवर धातू फिरवून कापायचं काम, शिकवत होतो. नवीन बॅच आली की पहिल्या आठवड्यात हमखास एक पोरगं विचारायचं, "सर, लेथचा स्पीड किती ठेवू?" या प्रश्नाला सुटं उत्तर नसतं. जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, कुठल्या धातूचा, व्यास किती, फीड किती देणार, म्हणजे कापणारं टूल किती वेगानं पुढे सरकवणार, एका कटात किती खोल जाणार, हे कळल्याशिवाय स्पीड सांगताच येत नाही. नुसता स्पीड वाढवला आणि टूल पुढे जास्त काढून बसवलेलं असलं, की जॉब थरथरतो, पृष्ठभागावर लाटा उमटतात आणि मशीन असं किंचाळतं की शेजारच्या वेल्डिंग शॉपमधली पोरं बघायला येतात. शिकाऊ पोराला वाटतं, स्पीड वाईट. पुढच्या वेळी तो घाबरून स्पीडही आणि फीडही इतका कमी ठेवतो की टूल नुसतं घासत राहतं.

तुमच्याकडच्या यादीचं तसंच होतंय. बाबा विचारताहेत की पाचातले कामाचे कुठले. माझ्या अनुभवात सुटा गुण कामाचाही नसतो आणि बिनकामाचाही नसतो. तो कुणाच्या सोबतीनं, कुठल्या जॉबवर चाललाय, त्यावर सगळं ठरतं.

आधी चाचणीबद्दल दोन गोष्टी, कारण निम्मा गोंधळ तिथेच आहे. ही चोवीस गुणांची मांडणी ख्रिस्तोफर पीटरसन आणि मार्टिन सेलिगमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये मांडली. मूळ चाचणीत २४० विधानं होती, आता छोट्या आवृत्त्याही आहेत. तिच्यात जे क्रमांक येतात ते तुमच्याच गुणांची तुमच्याच गुणांशी केलेली तुलना असते. तुमच्या फळीवरचे डबे उंचीप्रमाणे लावून दिले, एवढंच. शेजारणीच्या फळीशी त्यांचा संबंध नाही. तुमचं नेतृत्व एकविसावं आहे याचा अर्थ शाखेतल्या इतरांपेक्षा ते कमी आहे, असा होत नाही. तुमच्याच न्यायबुद्धीपेक्षा ते कमी वापरात आहे, एवढंच त्यातून निघतं.

दुसरं, ही चाचणी स्वभावाची आहे. मुलीला फिजिक्स झेपेल का, हे ती सांगत नाही. त्यासाठी अभियोग्यता चाचणी असते. तिला डॉक्टरकी आवडेल का, हेही सांगत नाही. ते कल चाचणीचं काम. आपल्याकडे २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कल चाचणी झाली, तेव्हा कितीतरी पालक निकालाचा कागद घेऊन यायचे आणि म्हणायचे, "सर, ललित कला आलंय, म्हणजे सायन्स जमणार नाही ना?" कल वेगळा, क्षमता वेगळी, स्वभाव वेगळा. एकाच्या कागदावरून दुसऱ्याचा निवाडा करू नका.

आणखी एक, जे चाचणी घेणारे सहसा सांगत नाहीत. सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही लोकांना आपले वरचे पाच गुण फक्त ओळखून जास्त वापरायला सांगितलं, तर काहींना त्यातला एकेक गुण आठवडाभर रोज एखाद्या नव्या पद्धतीनं वापरायला सांगितला. पहिल्या गटाचा उत्साह लवकरच ओसरला. दुसऱ्या गटात मन प्रसन्न राहण्याचा परिणाम सहा महिन्यांपर्यंत टिकलेला दिसला. मी गेली अनेक वर्षं लोकांकडून हे करून घेतोय आणि मला दिसलेलं असं की नवी पद्धत म्हणजे बहुतेक वेळा नवी जोडी असते. तोच गुण, पण आजवर ज्याच्याशी गाठ पडली नव्हती अशा दुसऱ्या गुणाबरोबर.

आता तुमच्या मुलीचं टेबल बघू. जिज्ञासा पहिली, चिकाटी दुसरी. ऐकायला लक्ष्मीनारायणाचा जोडा. अभ्यासाला बसल्यावर मात्र या दोघी सवतीसारख्या वागू शकतात. मी असे इतके मुलगे-मुली पाहिलेत की संध्याकाळ कशी जात असेल ते न बघता लिहू शकतो. सातला ती जीवशास्त्रातलं श्वसनाचं प्रकरण उघडते. ग्लायकोलिसिसमध्ये निव्वळ दोनच एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू, हाती लागतात, मग बाकीचे कुठे तयार होतात? प्रश्न चांगलाच आहे. उत्तर शोधताना मायटोकाँड्रिया येतो. मायटोकाँड्रियाला स्वतःचा डीएनए का असतो? याहून चांगला प्रश्न. त्यावर एक व्हिडिओ सापडतो, तीन भागांचा. इथे चिकाटी पदर खोचून पुढे येते: सुरू केलंय तर तिन्ही भाग संपवूनच उठायचं. नऊ वाजता तुम्ही दारातून डोकावता, तर पोरगी दोन तास जागची हललेली नाही. दोन्ही गुण पुरेपूर हजर, आणि पुस्तक अजून तिसऱ्या पानावर.

तिला "मन एकाग्र कर" सांगून उपयोग नाही, ती एकाग्रच होती. चिकाटी कुणाच्या मागे गेली, एवढाच प्रश्न आहे. यावर मी एक वेगळी शंकावही ठेवायला सांगतो. रफ वहीचं शेवटचं पान चालत नाही; स्वतंत्र वही, शक्य तर जराशी छान. शंका आली की एका ओळीत लिहायची, समोर तारीख टाकायची आणि प्रकरणाकडे परत यायचं. रविवारी पाच ते सात हा त्या वहीचा वेळ. त्या वेळात कुणी तिला नीटचं नाव काढून टोकायचं नाही, हे तुम्ही दोघांनी पाळायचं. जिज्ञासेला तारीख मिळाली की ती बऱ्यापैकी शांत बसते. रविवार येईपर्यंत निम्म्या शंका पुढच्या पानांवर आपोआप सुटलेल्या असतात. उरतात त्या खऱ्या जातिवंत.

प्रामाणिकपणाकडे येऊ, ज्याला बाबांनी ॲडमिशनच्या यादीतून काढून टाकलंय. नीटला १८० प्रश्न, ७२० गुण. बरोबर उत्तराला चार, चुकीला वजा एक. सराव परीक्षेत मुलीला समजा ४८० पडले. क्लासची शीट एवढंच सांगते. त्यातले तुक्के किती? अर्धवट आठवून मारलेली उत्तरं किती? ते फक्त तिलाच माहीत असतं. पेपर सोडवतानाच प्रश्नाच्या बाजूला बारीक 'तु' लिहायचा, आणि तपासताना 'तु' असलेलं बरोबर उत्तर चुकीच्या ढिगात टाकायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण आपलेच चार गुण आपल्याच हातानं कापायला छातीच लागते. चिकाटीची मुलं चुकलेली उत्तरं दहादा सोडवतात. तुक्क्यानं बरोबर आलेल्याकडे बघतही नाहीत, आणि खऱ्या परीक्षेत तिथेच पाय घसरतो. चिकाटीनं कुठे खणायचं, ते तिच्या बाबतीत प्रामाणिकपणा सांगू शकतो. हा जोड फार कमी मुलांकडे आयता असतो. तिच्याकडे आहे.

शेवटच्या क्रमांकावरच्या आत्मनियमनाची फार काळजी करू नका. अनेक देशांतल्या पाहण्यांमध्ये लोकांच्या यादीत हा गुण तळालाच आढळलाय, तुमची लेक काही जगावेगळी नाही. खालचा गुण नुसता रेटून वर येत नाही. आमच्या भागात उसाच्या हंगामात ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या बघतो आपण. ट्रॉलीला स्वतःचं इंजिन नसतं, पण कारखान्यापर्यंत ती जाते. तिच्या आत्मनियमनाची ट्रॉली कुठल्या ट्रॅक्टरला जोडायची, ते शोधा. माझा अंदाज प्रामाणिकपणा. बसल्याची आणि उठल्याची वेळ तिनं स्वतः लिहायची, मध्ये फोन घेतला तर तेही. तुम्ही वही तपासायची नाही. प्रामाणिक मुलीवर पहारा बसवला की ती प्रामाणिकपणाचं काम पहारेकऱ्यावर सोपवून मोकळी होते.

चिकाटी एकटी पडली की काय होतं, याचं एक उदाहरण सांगतो, ओळख पुसून. राज्यसेवेची तयारी करणारा एक मुलगा, पुण्यात पेठेतल्या अभ्यासिकेत चार वर्षं. सकाळी सातला जागा धरणारा, रात्री दहाला शेवटी उठणारा. पूर्व परीक्षा दोनदा पार, मुख्य दोन्ही वेळा थोडक्यात गेली. त्याच्याकडे पाठांतर आणि चिकाटी या दोनच गोष्टी होत्या आणि तेव्हाच्या बहुतांश पर्यायी प्रश्नांच्या परीक्षेत त्या पुरतील असं त्याला वाटत होतं. मग आयोगानं मुख्य परीक्षा वर्णनात्मक करायचं जाहीर केलं. मुलांनी २०२३ मध्ये पुण्यात रस्त्यावर बसून आंदोलन केलं, तेव्हा ती पद्धत २०२५ पासून लागू करायचं ठरलं. तो आंदोलनात होता. मुदत मिळाल्यावर मात्र त्यानं काय केलं? तीच पुस्तकं आणखी एकदा पाठ केली.

माझ्याकडे आला तेव्हा मी त्याला परीक्षेबद्दल काही विचारलं नाही. गावात असताना लोक कशासाठी घरी यायचे, एवढंच विचारलं. म्हणाला, "अर्ज लिहून घ्यायला." दहावीपासून तो निम्म्या आळीचे अर्ज लिहायचा: घरकुलाचे, विहिरीच्या अनुदानाचे, सातबाऱ्यावरच्या नावाच्या दुरुस्तीचे. समोरची म्हातारी अर्धा तास सुनेचं गाऱ्हाणं सांगणार, त्यातून नेमकं गाऱ्हाणं काढून दीड पानात तहसीलदाराला कळेल असं मांडायचं, हे तो झोपेतसुद्धा करत असे. त्याच्या लेखी ते गुणांत धरण्यासारखं नव्हतंच, गावकीचं काम होतं. मी म्हटलं, "वर्णनात्मक उत्तर म्हणजे दुसरं काय असतं?" पुढच्या भेटीला त्यानं पाणलोट क्षेत्र विकासावरचं एक उत्तर लिहून आणलं. चार वर्षांतलं पाठांतर त्यात होतंच, पण आता त्याला कणा होता. चिकाटी तीच आहे. तिला लोकांचं ऐकून घेण्याची आणि मांडणीची जोड मिळाली, आणि चार वर्षं घासत असलेलं टूल कापायला लागलं.

माणसं आपला सगळ्यात वापरातला गुण बहुधा सांगतच नाहीत. तो इतका अंगवळणी पडलेला असतो की गुण वाटत नाही. म्हणून मी यादी वाचायच्या आधी विचारतो की लोक तुमच्याकडे कशासाठी येतात.

विनोदबुद्धीबद्दल लिहिताना माझीच एक चूक सांगायला हवी. आयटीआयमध्ये माझा वर्ग हसरा म्हणून प्रसिद्ध होता. एकदा एका पोरानं चकची, म्हणजे जॉब धरून फिरणाऱ्या पकडीची, चावी चकमध्येच ठेवून मशीन चालू करायला हात घातला. हा फार धोक्याचा प्रकार. चावी गोळीसारखी सुटते. मी त्याचा हात धरला, ते बरोबरच होतं. नंतर मात्र सगळ्या बॅचसमोर त्याची अशी नक्कल केली की पोरं हसून लोळली. चावी चकमध्ये पुन्हा कुणी विसरलं नाही. तो मुलगा दोन आठवड्यांनी वर्कशॉपला यायचाच बंद झाला. घरी गेलो तेव्हा वडील म्हणाले, "तिथं त्याला हसत्यात म्हणतोय." माझ्याकडे विनोद होता आणि सुरक्षिततेची तळमळही होती. समोरच्याच्या जागी उभं राहून बघणं त्या दिवशी गैरहजर होतं. 'अति तिथे माती' असं आपण म्हणतो, पण माझा विनोद त्या दिवशी रोजच्यापेक्षा जास्त नव्हता. रोज जो त्याला आवर घालायचा तोच सोबत नव्हता.

तुमच्या मुलीकडे विनोदाशेजारी दयाळूपणा आहे, म्हणून मला तिची तशी भीती नाही. ती स्वतःच्या ४८० गुणांवर हसून पुन्हा टेबलाशी बसू शकेल, आणि हे बारावीच्या डिसेंबरमध्ये किती मोलाचं असतं ते क्लासवाल्यांना विचारा.

दयाळूपणाचा हिशोब जरा नाजूक आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका बचत गटाच्या ताई, त्यांच्याकडे शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, पापड. चव अशी की पुण्याहून मागणी. तीन वर्षं धंदा जोरात आणि हातात पैसा नाही. उधारीची वही मागितली तर वही होती, पण तिच्यात नावं होती, रक्कम नव्हती. "आपलीच माणसं आहेत, देतील." चाचणी केली असती तर दयाळूपणा पहिला आला असता, हे सांगायला मानसशास्त्रज्ञ लागत नाही. घरचे सांगत होते, कठोर हो. त्या दोनदा कठोर झाल्या, दोन गिऱ्हाइकं तुटली आणि आठवडाभर जेवण गेलं नाही.

मी त्यांच्या घरी चहाला गेलो होतो. स्वयंपाकघरात प्रत्येक डब्यावर चिठ्ठी: काय आहे, कधी भरलं, किती दिवस चालेल. हळदीच्या बरणीवर तर दळून आणल्याची तारीख. ही बाई घरात इतकी काटेकोर आणि धंद्यात मोकाट! तिच्या काटेकोरपणानं उंबरठा ओलांडला नव्हता, एवढंच. मग ठरवलं ते असं: गिऱ्हाइकाच्या नावाचं एक पान, डब्यावरच्या चिठ्ठीसारखं, पाचशे रुपयांपर्यंत उधारी मनमोकळी, कुणी कारण विचारायचं नाही, पाच तारखेला पान कोरं झालं तरच पुढचं. दुकानात पाटी लावली. आता नाही म्हणायचं काम पाटी करते, आणि पाचशेच्या आत त्या हवं तेवढं सढळ वागतात. दयाळूपणा कमी करायला कुणीच सांगितलं नाही. त्याला कुंपण मिळालं, तेही त्यांच्याच घरातल्या सामानाचं.

मुलीच्या बाबतीत हे कुंपण मैत्रिणींच्या मेसेजचं असेल. शंका विचारणाऱ्या सगळ्यांना ती रात्री अकरापर्यंत उत्तरं देत असणार. बंद करू नका. शिकवताना आपल्याला काय येत नाही ते लख्ख कळतं. रोज जेवणानंतर अर्धा तास, एकच शंका, व्हॉइस मेसेजवर. पुरे.

आता एक मोठा दाखला, कारण गुण एका माणसात पुरे पडले नाहीत तर काय करायचं हा प्रश्न तुमच्या शाखाधिकारी होण्याला लागून आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे, जन्म १८५८. मुरूडहून साताऱ्यापर्यंत परीक्षेसाठी पायी गेले आणि वयानं लहान दिसतोस म्हणून त्यांना बसूच दिलं नाही, ही गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते आणि तिच्यावरून चिकाटी हा धडा घेतो. पण नुसत्या चिकाटीनं पुण्याजवळ हिंगण्याची, विधवांच्या शिक्षणासाठीची त्यांची संस्था उभी राहिली नसती. माणूस भिडस्त. सभा गाजवणारं वक्तृत्व त्यांच्याकडे नव्हतं. होता गणिताच्या प्राध्यापकाचा नेमकेपणा. १८९१ पासून १९१४ पर्यंत ते फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत होते. लहानसहान देणग्यांवर संस्था चालवायची, तर दिलेला पैसा जागच्या जागी आहे हा भरवसा लोकांना वाटावा लागतो. भिडस्त माणूस दारात उभा राहिला, तर त्याच्या वतीनं त्याचा चोख हिशोब बोलतो.

जे स्वतःत नव्हतं ते त्यांनी दुसऱ्यांत ओळखलं. त्यांच्या पत्नी आनंदीबाईंची विधवा बहीण, पार्वतीबाई आठवले, आश्रमात आल्या, शिकल्या आणि संस्थेसाठी निधी मागत गावोगाव फिरल्या. १९१८ मध्ये तुटपुंज्या इंग्रजीवर थेट अमेरिकेला गेल्या. धिटाई त्यांची, चिवटपणा आणि हिशोब कर्व्यांचा. १९१६ मध्ये महिला विद्यापीठ सुरू झालं आणि १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी त्याला पंधरा लाखांची देणगी दिली, तोवर त्या संस्थेची पत अशा जोडकामातून घडलेली होती. एकट्या कर्व्यांची चाचणी घेतली असती तर मला वाटतं नेतृत्व काही पहिल्या पाचात आलं नसतं.

म्हणून तुमचं एकविसावं नेतृत्व मला घाबरवत नाही. नेतृत्व हा मला तरी सुटा गुण वाटतच नाही. ज्याच्या त्याच्या घरच्या सामानातून ते शिजतं. तुम्ही पतसंस्थेत आहात तर संध्याकाळी कॅश न जुळण्याचा प्रसंग तुम्हाला नवा नसेल. पाचशे रुपये कमी. बाहेर अंधार पडलेला, शटर अर्धं खाली, सगळ्यांच्या नजरा काउंटरवर बसलेल्या नव्या मुलीकडे. अशा वेळी कुणी आवाज चढवतं, कुणी खिशातून पाचशे टाकून मोकळं होतं. तुमच्या गुणांचं माणूस काय करत असेल? व्हाउचरं परत लावायला घेतं, मुलीला समोर न बसवता शेजारी बसवतं, आणि दुपारच्या गर्दीतल्या व्हाउचरांपासून बघायला लागतं. न्यायबुद्धी आणि सावधपणा इथे एकत्र चालतात: पुरावा सापडेपर्यंत कुणी चोर नाही, आणि सापडेपर्यंत कुणी घरीही जाणार नाही. त्या वेळी शाखा कुणाच्या तोंडाकडे बघते? तुमच्याकडे बघत असेल, तर शाखाधिकाऱ्याच्या कामाचा मोठा भाग तुम्ही आत्ताही करताय.

अडचण कुठे येईल तेही सांगतो. संचालकांच्या नात्यातला कुणी कर्जाला येईल आणि जामीनदाराचे कागद अपुरे असतील. तिथे धाडस लागतं, आणि तुमच्या पहिल्या पाचात ते नाही. सावधपणा आणि कृतज्ञता मिळून तुम्हाला गप्प बसवू शकतात: 'यांनीच आपल्याला नोकरी दिली, कशाला वाकडं घ्या.' वरचे गुणही असे संगनमत करतात, हे ध्यानात असू द्या. तिथे धाडसाची ट्रॉली न्यायबुद्धीला जोडा. "साहेब, तुम्हाला नाही म्हणत नाही, मागच्या महिन्यात याच कारणासाठी दोन सभासदांना परत पाठवलंय, त्यांना मी काय सांगू?" हे वाक्य स्वतःच्या शब्दांत आधीच तयार ठेवा, आरशासमोर दोनदा म्हणून बघा. हसू येईल, येऊ द्या. धाडसी माणसाला असं वाक्य लागत नाही. न्यायी माणसाला मात्र ते सापडलं की त्याचं धाडसावाचून अडत नाही.

थकीत वसुलीला माणसांच्या दारात जाऊन बसणारा कुणी सहकारी शाखेत असेल, तर पद घ्यायच्या आधी त्याच्याशी बोला. ते काम तुम्ही निभावाल, पण दर वेळी दमून घरी याल. आपल्या यादीत नसलेलं काम वर्षानुवर्षं एकट्यानं ओढणारी माणसं माझ्याकडे पन्नाशीत येतात, रक्तदाबाची गोळी चालू करून.

यादीचं प्रत्यक्ष करायचं ते एवढंच. दोघींनी एका संध्याकाळी बसा. गेल्या दोन महिन्यांत मनासारखी झालेली तीन कामं आणि फसलेली दोन, बारीक तपशिलासह लिहा. 'परीक्षा चांगली गेली' असं नको. कुठला पेपर, आदल्या रात्री काय केलं, कोण सोबत होतं. मग प्रत्येकात कुठले गुण कामावर होते ते समासात टाका. जमलेल्या कामांत तीच जोडी पुन्हा पुन्हा दिसेल. फसलेल्यांत बहुधा त्याच जोडीतला एक हजर आणि दुसरा रजेवर सापडेल. मग आठवडाभर त्या रजेवरच्याला रोज एका लहानशा कामावर बोलवायचं. दोघींनी एकमेकींचं लिहिलेलं वाचा. लेकीला तुमच्यातलं आणि तुम्हाला लेकीतलं जे दिसतं ते चाचणीला दिसत नाही.

चाचणी एवढ्यात पुन्हा देऊ नका. महिन्याभरात क्रमांक दोन-तीन घरं इकडेतिकडे होतात, त्यात अर्थ शोधत बसाल. लेकीनं बारावीनंतर दिली तर ठीक. बाबांना मात्र या रविवारीच द्यायला लावा. विनोदबुद्धी कितव्या नंबरवर येते ते पाहून मग जेवताना नीटच्या गप्पा कुणी चालवायच्या ते ठरवू.